आत : १

सोमवार, ३ फेब्रुवारी

“बाबासो कामावर हाय, वैनी. तुमी घोर लावून घेऊ नका.”

पोपट मुकादम आमच्या दारात उभा राहून आईला हे म्हणाला, तेव्हा मी आठ वर्षांची होते. आणि बाबा माझ्या मागे खाटेवर पडलेले होते! बाजारात ट्रकवरून पडले होते, पाठ मोडली होती. मी एकदा मुकादमाकडे पाहिलं, एकदा बाबांकडे. वाटलं, मोठी माणसं थट्टा करताहेत. पण कुणी हसलं नाही. आईने पदराने डोळे पुसले आणि चहाचं आधण ठेवलं.

आज अडतीस वर्षांनी ते वाक्य आठवलं, तेही भलत्याच निमित्ताने. ऑफिसात फळ्यावर एकच शब्द लिहिला होता – ‘आत’. समोर शौनक बसला होता, कोल्ड स्टोरेज कंपनीचा इंजिनिअर. त्याला विचारलं, माणूस आत आहे म्हणजे नेमकं काय?

“मॅम, आत म्हणजे आत!”

नाही ना. त्यांचं सॉफ्टवेअर माणूस बघत नाही, कार्ड बघतं. हमाल सफरचंदांच्या खोलीत शिरताना कार्ड लावतो, आकडा एकने वाढतो. बाहेर पडला की एकने उतरतो. संध्याकाळी आकडा शून्य झाला की दार बंद होतं आणि खोलीत नायट्रोजन सोडतात. प्राणवायू कमी झाला की सफरचंदं पिकायची थांबतात. माणूस आत राहिला तर तोही थांबेल. म्हणून आम्हाला बोलावलंय.

दार शंभर वेळा उघडून-मिटून बघणारे दुसरे असतात. आम्ही तसं बघत नाही. शाळेत भूमितीत करायचो तसं सिद्ध करतो – आत माणूस असताना नायट्रोजन सुटणं कधीच, कुठल्याही क्रमाने, शक्य नाही. सोळा वर्षं हेच करतेय. ‘कधीच’ हा शब्द लिहायची परवानगी असलेली नोकरी!

पण आज ‘आत’पाशीच अडकले. आणि पोपट मुकादम का आठवावा?

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आईने विचारलं, आज काय केलंस? म्हटलं, एका दाराचा विचार केला.
“दिसभर?”
दिवसभर.
“केवढं दार म्हनायचं गं ते!”

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

सिद्ध होत नव्हतं. दुपारी सिद्धता तपासणाऱ्या टूलने कारण दिलं. मला त्याचं हेच आवडतं – नुसतं ‘नाही’ म्हणून गप्प बसत नाही, गोष्ट सांगतं. कुठल्या क्रमाने घडलं तर अनर्थ होईल, ते ओळीने मांडून दाखवतं. आजची गोष्ट सहा ओळींची:

क्ष कार्ड लावून आत जातो.
आत : १.
बाहेरचा कुणीतरी ‘शून्य करा’ दाबतो.
आत : ०.
दार बंद.
नायट्रोजन सुरू.

‘शून्य करा’ हे बटण सुपरवायझरकडे असतं. कुणाचं कार्ड हरवलं, मशीन बिघडलं, तर आकडा पुसायला. शौनक म्हणाला, “मॅम, ते वर्षातून एकदा दाबतात. तेही आत डोकावून. टेन्शन नका घेऊ.”

दिलीप सर – आमच्या संशोधन केंद्राचे प्रमुख – खुर्चीतून न उठता म्हणाले, “मग तसं गृहीतक घाल, राजेश्वरी. बटण दाबण्याआधी खोली रिकामी असल्याची खात्री केलेली असते. पुढे चल.”

घातलं. चार मिनिटांत सिद्धता पूर्ण. हिरवी खूण.

ती खूण आली की अजूनही पोटात गुदगुल्या होतात. आज झाल्या नाहीत. तो क्ष कोण असेल, हेच मनात येत राहिलं. टूलला माणसं माहीत नाहीत. तरी त्याने एक माणूस आत ठेवला होता.

सोमवार, १० फेब्रुवारी

कंपनीकडे प्रमाणपत्र गेलं. खाली माझी सही. सरांनी पेढे वाटले. मी शौनककडे मशीनच्या नोंदी मागितल्या.
“कशाला मॅम? झालं ना सगळं!”
उगाच. बघावंसं वाटतंय.

बुधवार, १२ फेब्रुवारी

नोंदी आल्या. चौसष्ट दिवसांच्या. त्यातले तीन दिवस स्टोरेज बंद. उरले एकसष्ट.

‘शून्य करा’ – एकसष्ट वेळा.

वर्षातून एकदा!

गुरुवार, १३ फेब्रुवारी

कार्ड नंबर सतरा. रोज सकाळी सातच्या सुमारास आत जातो. बाहेर कधीच येत नाही. संध्याकाळी बाकीचे दहा जण निघतात, स्क्रीनवर उरतं – आत : १. मग कुणीतरी बटण दाबतं. दुसऱ्या दिवशी सतरा पुन्हा आत. एकसष्ट वेळा आत गेलेला आणि एकदाही बाहेर न आलेला माणूस!

जेवताना घास हातात धरून बसले होते. आई म्हणाली, “ताटात बग, भिताडात काय हाय?”

आणि तेव्हाच उलगडलं. आत जायचं दार रुंद आहे, हातगाड्यांसाठी. तिथे नुसतं कार्ड पुरतं. बाहेर पडायला मात्र फिरतं फाटक आहे, त्यातून अंग गेल्याशिवाय आकडा उतरत नाही. म्हणजे माणसाशिवाय कार्ड आत जाऊ शकतं. माणसाशिवाय बाहेर येऊ शकत नाही.

सतरा नंबर कधी आत नव्हताच.

मग कुठे आहे? आणि त्याचं कार्ड रोज कोण लावतंय – कशासाठी?

शनिवार, १५ फेब्रुवारी

कुणी पाठवलं नव्हतं, आपणहून गेले. सानपाड्याहून रिक्षाने दहा मिनिटं. फाटकापासूनच सफरचंदांचा वास, दमट पुठ्ठ्याच्या वासात मिसळलेला.

सुपरवायझर धनाजी पन्नाशीचे, मफलर गुंडाळलेला. सर्टिफिकेटवाल्या मॅडम आल्या म्हणून खूश झाले, सगळं दाखवलं. साडेपाचला टोळी बाहेर पडली. मीच मोजली – दहा.

“आता बघा मॅडम, सगळे बाहेर. स्क्रीन काय म्हणते? एक! रोजचं नाटक. तुमचं सॉफ्टवेअर एक नंबर, पण मोजायला कच्चं.”

त्यांनी दारातून आत डोकावलं. मी मनात मोजलं – तीन सेकंद. क्रेटांच्या थप्प्या छताला टेकलेल्या, त्यांच्या मागचं काही दिसत नव्हतं. बटण दाबलं. आत : ०. दार बंद.

टोळी बाहेर टपरीवर होती. मुकादम हौसेराव. साठीला आलेले, मान खांद्यात रुतलेली – माझ्या बाबांची होती तशीच. मी सरळ विचारलं, सतरा नंबर कोण? सगळ्यांचे हात थांबले. हौसेरावांनी मला खालून वर पाहिलं.

“कुठल्या गावच्या तुमी?”

म्हटलं, पाटणकडची. बाबा इथल्याच बाजारात हमाल होते.

“मग बसा की. हुब्यानं कशापायी बोलताय?”

मग सांगितलं. सतरा म्हणजे जोतीराम. मूत्रपिंडं गेली, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. कंपनीचा नियम – सलग सात दिवस हजेरी पडली नाही की कार्ड बंद. कार्ड बंद की टोळीतली जागा गेली. ती पुन्हा मिळत नाही. हजेरी त्याच मशीनवर, आत जातानाच्या कार्डावर. रोजची मजुरीही त्यावरच.

“रोज सकाळच्याला पयलं त्याचं लावतो, मग माजं. दहा जन अकरांचं उचलतोय, बाई. येक क्रेट कमी न्हाई. कुनाचं काय बिगडलं?”

एक पोरगेलासा हमाल म्हणाला, “मॅडम, तुमच्या मशीनला सांगा, जोत्यादादा आत हाय म्हनून. लई थंडी वाजती त्याला!” सगळे हसले. मीही हसले.

परत येताना मात्र ते तीन सेकंद डोळ्यांपुढून हलेनात.

रविवार, १६ फेब्रुवारी

आई मेथी निवडत होती. विचारलं, बाबा खाटेवर असताना पोपट मुकादम ‘कामावर हाय’ म्हणायचा, ते काय होतं गं?

तिने मान वर केली नाही. “तुला आज कळतंय व्हय? साळंत पयली यायचीस म्हनं!”

सांग ना.

“सात म्हयनं. हजेरीच्या वहीत रोज अंगठा उठायचा. आज ह्याचा, उद्या त्याचा. तुज्या बापाच्या नावापुढं. म्हनून खोली राह्यली, तुजी साळा राह्यली. पोपट मला रोज येऊन सांगून जायचा – आज बी कामावर हाय.”

मेथीच्या काड्या तिने पेपरात गुंडाळल्या. “का गं? कुनी काय म्हनलं का?”

कुणी नाही, म्हटलं. गॅलरीत जाऊन उभी राहिले. ज्या अंगठ्यांवर शिकले, तेच शोधून काढायला मला नेमलंय जणू.

सोमवार, १७ फेब्रुवारी

बटणाचं कळवायला हवं. कळवलं की विचारतील – रोज का दाबतात? मग सतरा. मग जोतीराम, हौसेराव, कदाचित अख्खी टोळी.

न कळवलं तर माझ्या सहीखालचं ‘कधीच’ खोटं. धनाजींना आता सवय झालीय. स्क्रीनवरचा ‘एक’ म्हणजे कुणी नाही. ज्या दिवशी तो ‘एक’ खरा असेल, त्या दिवशीही ते तीनच सेकंद डोकावणार.

शौनकला सहज विचारल्यासारखं विचारलं, हजेरीचं मशीन दारापासून वेगळं केलं तर?
“का मॅम? सेम डेटा दोनदा? रीझन काय लिहू?”
कारण एकच होतं, आणि तेच सांगता येत नव्हतं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

आईने माझ्याच पानात दोनदा आमटी वाढली आणि दोन्ही वेळा मी न बघताच संपवली.

गुरुवार, २० फेब्रुवारी

हौसेरावांना भेटले. ते एकटे भेटतील अशी वेळ साधून, सकाळी, काम सुरू व्हायच्या आधी. सांगितलं – तुमच्या त्या कार्डामुळे धनाजी रोज बटण दाबतात. एखाद्या दिवशी कुणी खरंच आत राहील. तेवढं जोतीरामचं कार्ड लावू नका. मी कुणाला काही सांगणार नाही.

वाटलं, वाद घालतील. मी मुद्दे काढून नेले होते. पण ते गवताची काडी दातात धरून ऐकत राहिले.

“तुमी शिकलेल्या हाय. तुमाला त्यातलं दिसतंय. बरं, बाई. उद्यापास्नं न्हाई लावत.”

इतक्या सहज! जाताना म्हणाले, “जोतीरामाचं बगू काय तरी. तुमी नका जिवाला लावून घिऊ.”

मन हलकं झालं. थोडं खजीलही. महिनाभरात काहीतरी कारण शोधून हजेरीचं मशीन वेगळं करून घेईन – हे स्वतःला सांगून टाकलं.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

शौनक आता रोजच्या नोंदी रोज पाठवतो. आज संध्याकाळी – आत : ०, आपोआप. बटण नाही! दोन महिन्यांत पहिल्यांदाच सॉफ्टवेअर तसं चाललं, जसं माझ्या सिद्धतेत चालतं. पुन्हा पुन्हा बघत बसले, जत्रेतला पाळणा बघावा तशी.

सोमवार, २४ फेब्रुवारी

आजही बटण नाही. आईसाठी अंजिरं आणली. “काय झालंय तुला? हसतीस काय येकटीच?”

मंगळवार, २५ फेब्रुवारी

संध्याकाळी सात वाजता नोंदी आल्या. जशाच्या तशा उतरवते.

०७:०४ कार्ड १७ आत.
१७:३१ आत : १.
१७:३३ शून्य करा.
१७:३३ आत : ०.
१७:३४ दार बंद.
१७:३५ नायट्रोजन सुरू.

सहा ओळी. त्याच. त्याच क्रमाने. क्षच्या जागी सतरा.

आणि खाली सातवी, जी माझ्या टूलने सांगितली नव्हती –

१७:५७ दार आणीबाणीत उघडले.

शौनकचा नंबर तीनदा चुकला. तो म्हणाला, “मॅम, तुम्हाला कसं कळलं इतक्यात? एक जण... जिवंत आहे, मॅम. जिवंत आहे.”

गुरुवार, २७ फेब्रुवारी

हॉस्पिटलात जाऊन आले.

जोतीराम माझ्याच वयाचा. हातावर डायलिसिसची फुगलेली शीर. बायको पायथ्याशी स्टुलावर. मला वाटलं, ती ओरडेल. तिने मला बसायला स्टूल दिलं.

तो म्हणाला, “मुकादम म्हनला, एका बाईनं सांगितलंय, आता कार्ड लावायचं न्हाई. म्हनलं, मग मीच येतो. आठवड्यात येक दिस तर हुबा राहू शकतो की मी. जागा तर राहील.”

दिवसभर टोळीने त्याला काही उचलू दिलं नाही. पाचनंतर अंगातलं त्राण गेलं, म्हणून मागच्या थप्पीआड पुठ्ठ्यावर टेकला. डोळा लागला. दहा जण बाहेर पडले. स्क्रीनवर एक. नंबर सतरा.

धनाजी जिन्यात भेटले. मफलरात तोंड खुपसून रडत होते. “चार दिवस आकडा बरोबर येत होता, मॅडम. परवा सतरा दिसला, म्हटलं, झालं, मशीनचं नाटक पुन्हा सुरू. सतरा म्हणजे कुणी नाही – दोन महिने स्क्रीनने मला हेच शिकवलं हो!”

टोळी तेव्हा टपरीवर होती. चहा अकरा सांगितला होता. जोतीराम मोरीकडे गेला असेल, असं जो-तो समजत होता. अकरावा ग्लास निवला, त्यावर साय धरली. तेव्हा हौसेराव उठले आणि धावत सुटले.

बावीस मिनिटं.

मी एक गोष्ट बदलली – ते कार्ड – आणि बाकीचं तसंच ठेवलं. धनाजींना सांगितलं नाही. बटण तिथेच. बटण दाबायची सवय तिथेच. काहीही बदललं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करायचं – हे मी केंद्रात शिकायला येणाऱ्या मुलांना पहिल्या तासाला शिकवते. पहिल्या तासाला!

माझ्या मॉडेलमध्ये दार होतं, कार्ड होतं, बटण होतं, क्ष होता. सकाळी फाटकाशी येऊन चार समजुतीचे शब्द बोलून जाणारी बाई नव्हती.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

सरांना म्हटलं, प्रमाणपत्र मागे घेऊ या. सर म्हणाले, “कशाला? आपलं विधान वाच. खात्री न करता बटण दाबलं. गृहीतक त्यांनी मोडलं. सिद्धता अजून खरी आहे.”

खरी आहे. अक्षरन्‌अक्षर खरी आहे. तेच तर!

रविवार, २ मार्च

कंपनीने बटण काढून टाकलं. हजेरी आता टपरीजवळच्या वेगळ्या मशीनवर. शौनकने फोटो पाठवला. ह्यावेळी कुणी कारण विचारलं नाही.

आईला सगळं सांगितलं. तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, “तू त्यास्नी इचारलं न्हाईस. सांगितलंस.”

सोमवार, ३ मार्च

चौकशी झाली. हौसेरावांनी लिहून दिलं – जोतीरामला मीच माझ्या मनाने बोलावलं, कार्डाबद्दल बाहेरचं कुणी आमच्याशी कधी बोललं नाही. खाली दहा जणांच्या सह्या. शेवटची जोतीरामची. अपघात कामावर झाला, म्हणून त्याची जागा राहिली. हौसेरावांचं मुकादमपण गेलं.

मी सरांना सांगितलं, वीस तारखेला मी तिथे गेले होते. माझ्या सांगण्यावरून झालं हे. सर कागद पुढे सरकवत म्हणाले, “अकरा माणसं म्हणताहेत, कुणी आलं नव्हतं. कसं सिद्ध करणार?”

मग फोन केला.

“कोन बाई?” हौसेराव म्हणाले. “आमच्याकडं कुनी बाई आली न्हवती. आईला नमस्कार सांगा.” आणि ठेवून दिला.

उद्या सकाळी सातला फाटकाशी जाऊन उभी राहणार आहे. ह्यावेळी सांगणार नाही, विचारणार आहे. ते नाहीच म्हणतील, ते तर दिसतंच आहे. तरी विचारणार – हौसेराव, मी आले होते, एवढं चौकशीवाल्यांना सांगाल का?